६२ हजारांवर निघालेले प्लग: नाशिकच्या एका सीएनजी गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी चार सिलिंडरची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, सीएनजी कंपनीतूनच बसवून आलेला. वय साडेचार वर्षं, मीटरवर ६२ हजार किलोमीटर. मालकांना इथे भाऊसाहेब म्हणतो. नाव आणि ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत, बाकी जसं घडलं तसं.

भाऊसाहेब सिडकोत राहतात आणि सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सचं बघतात. मी त्यांच्या हाताखाली काही वर्षं काढली आहेत. मशीनचं पीएम शीट (वेळच्या वेळी करायच्या देखभालीची नोंद) एक दिवस उशिरा भरलं तरी ते शिफ्ट संपेपर्यंत माणसाला सोडत नसत. त्यांच्या स्वतःच्या गाडीचं पीएम शीट म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबलेली सर्व्हिसिंगची जॉबकार्डं.

गाडीचा रोजचा रतीब ठरलेला. त्रिमूर्ती चौकातून निघायचं, पपया नर्सरीच्या सिग्नलला अडकायचं, कंपनीत पोचायचं. सात किलोमीटर जायचे, सात यायचे. आठवड्यातून दोनदा गॅसच्या रांगेत अर्धा-पाऊण तास, आणि त्यातही पुढची गाडी हलली की आपली सुरू, दहा फूट पुढे, परत बंद. महिन्यातून एखादी मुंबईकडची फेरी.

हे मुद्दाम सांगतोय, कारण मीटर फक्त चाकं मोजतं. शहरात सरासरी वेग ताशी २० धरला तर ६२ हजार किलोमीटर म्हणजे इंजिनाचे ३,१०० तास. हेच अंतर हायवेवर ताशी ६० ने कापलं असतं तर हजार-सव्वा हजार तास झाले असते. स्पार्क प्लग म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून इंधन पेटवणारा भाग. त्याला किलोमीटर कळत नाहीत, ठिणग्या कळतात. आणि इंजिन उभ्या गाडीत चालू असलं तरी ठिणग्या पडतच असतात.

घाटात काय झालं

आषाढातला रविवार. डोंबिवलीहून बहिणीकडून परत येत होते. गाडीत पाच माणसं, डिकीत गॅसचं सिलिंडर आणि उरलेल्या जागेत पिशव्या, बाहेर मुसळधार पाऊस. कसारा घाटाच्या चढणीवर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी आचके द्यायला लागली. मग इंजिनाचा पिवळा दिवा लागला, आणि दुसऱ्या वळणावर तो लुकलुकायला लागला.

नुसता लागून राहिलेला दिवा आणि लुकलुकणारा दिवा यात मोठा फरक आहे. लुकलुकतो तेव्हा इंजिनाचं एखादं सिलिंडर इतकं मिसिंग करत असतं (आतलं मिश्रण पेटतच नाही) की न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून भाजून निघतो. हा भाग प्लगच्या शंभरपट महाग पडू शकतो. अशा वेळी पाय सैल सोडायचा, जमेल तिथे बाजूला घ्यायचं. भाऊसाहेबांनी उलटं केलं. घाटात थांबायला नको म्हणून पाय आणखी दाबला.

वाचवलं वहिनींनी. "अहो, पेट्रोलवर टाका ना," असं त्या दोनदा म्हणाल्या, दुसऱ्यांदा जरा वरच्या पट्टीत. बटण दाबलं आणि आचके जवळजवळ बंद झाले. घोटीच्या टोलनाक्यापर्यंत दिवा स्थिर झाला होता.

घरी आल्यावर भाऊसाहेबांनी मला फोन केला. "अरे, पेट्रोलवर चालते आणि गॅसवर मरते. गॅस किटचं काहीतरी गेलंय." माझाही पहिला अंदाज तोच होता. पण रात्री विचार करताना वाटलं, गॅस किट खराब असतं तर सपाट रस्त्यावरही कुरकुर झाली असती. ही फक्त चढणीवर, भरल्या गाडीत आणि गॅसवर झाली. दाबलेल्या हवेतून ठिणगी उडी मारायची तर व्होल्टेज जास्त लागतं. चढणीवर सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि सीएनजीचं मिश्रण पेट्रोलपेक्षा पेटायला मुळातच जड. प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी जिथे उडी मारते ते टोकांमधलं अंतर, वाढलेला असेल तर या तिन्ही गोष्टी एका जागी येतात आणि प्लगला व्होल्टेज देणाऱ्या कॉइलचा दम तिथेच संपतो. पेट्रोलवर टाकलं की थोडं ओझं उतरतं, एवढंच. रोग तसाच राहतो.

स्कॅनर लावला तर कोड मिळाला पी०३०३. तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग.

आधीची खूण, जी कुणी वाचली नाही

प्लग कधी बदलले, असं विचारल्यावर भाऊसाहेब ठामपणे म्हणाले, "४० हजारांच्या सर्व्हिसिंगला. पैसे घेतलेत त्यांनी."

जॉबकार्ड काढलं. त्यावर लिहिलं होतं: "स्पार्क प्लग – चेक/क्लीन". मजुरी लावलेली होती, पण सुट्या भागांच्या यादीत प्लग नव्हतेच. म्हणजे काढले, ब्रश मारला, गॅप ठोकून सारखा केला आणि तेच परत बसवले. यात फसवणूक नाही, कार्डावर खरं तेच लिहिलं होतं. आपण बिलाचा शेवटचा आकडा बघतो आणि मधल्या ओळी वाचत नाही. या गाडीच्या पुस्तिकेत साध्या वापराला ४० हजारांवर प्लग बदला असं आहे आणि कठीण वापराला त्याहून लवकर. गॅस, घाट, गर्दी आणि धूळ यांना कठीण म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

दुसरी खूण भाऊसाहेबांच्या खिशातल्या डायरीत होती. ते प्रत्येक वेळी भरलेला गॅस आणि मीटरचा आकडा लिहितात. सवयीने लिहितात, बघत मात्र नाहीत. आम्ही भागाकार केले तेव्हा दिसलं, की सात-आठ महिन्यांत किलोमागे २६ किलोमीटरचे २२ झाले होते. त्यांचं म्हणणं होतं की पंपवाले प्रेशर कमी देतात. प्रेशर कमी दिलं तर किलो कमी भरतात, एका किलोवर अंतर कमी पडत नाही. हे त्यांच्यासारख्या माणसाला माझ्याआधी कळायला हवं होतं, आणि कळलं तेव्हा ते हसले नाहीत.

समोरचे पर्याय

एका सर्व्हिस सेंटरने "पॅकेज" सांगितलं: प्लग, चारही कॉइल, थ्रॉटल बॉडी साफ, इंजेक्टर साफ, इंजिन फ्लश. ९,५०० रुपये. यातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी, कुठल्या ना कुठल्या गाडीला लागते. पण सगळं एकदम केल्यावर गाडी बरी झाली, तर कशाने बरी झाली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत सगळंच करावं लागतं.

पाथर्डी फाट्याकडचे आमचे नेहमीचे मिस्त्री दुसऱ्या टोकाला. "पावसाचं पाणी गेलं असेल. प्लग काढतो, कानस मारतो, गॅप धरतो, दोनशे द्या." मिस्त्री माणूस सच्चा, हात कसलेला. पण झिजलेल्या प्लगचा गॅप ठोकून कमी करता येतो, गोल झालेली धार परत येत नाही. ठिणगी धारेवरून सहज उडते, गोलाईवरून उडायला जोर लागतो. ४० हजारांवर नेमका हाच उपाय झाला होता.

तिसरा पर्याय माझा: आधी काढून बघायचं, मोजायचं, मग ठरवायचं. चारही प्लग नवे घालायचे हे मात्र आधीच ठरलं, कारण एक झिजला म्हणजे बाकीचे तीन त्याच वयाचे.

प्लग कोणते, यावर अर्धा तास वाद झाला. भाऊसाहेबांना इरिडियमचे हवे होते. त्याची बारीक टोकं उशिरा झिजतात, पुष्कळ गाड्यांत एक लाख किलोमीटरपर्यंत चालतात, आणि ठिणगीला व्होल्टेजही कमी लागतं. मी साध्या निकेलच्या बाजूचा. या इंजिनात प्लग वरच आहेत, चार बोल्ट काढले की कॉइल हातात. जिथे प्लगपर्यंत पोचायला इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) उतरवावा लागतो तिथे मजुरी वाचवायला इरिडियम घ्यावा. इथे अर्ध्या तासाचं काम, आणि मला तर ते दर थोड्या महिन्यांनी उघडून बघायचंच होतं. शेवटी पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचे निकेल प्लग आणले. चारांचे सातशेच्या आत.

क्रमांकावरून एक गोष्ट. दुकानदार "हाच चालतो" म्हणत दुसऱ्या कंपनीचा प्लग पुढे करतो तेव्हा जपावं. प्लगवरचा आकडा त्याची उष्णता बाहेर टाकायची ताकद सांगतो, पण एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग (उष्णता लवकर टाकणारा), तर बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम. नुसता आकडा जुळवला तर उलटंच व्हायचं.

रविवारचं काम

इंजिन रात्रभर थंड झालेलं. प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर आटे सोबत यायची भीती. कॉइल काढल्या, आणि प्लगला हात लावायच्या आधी मुलाच्या फुटबॉलच्या पंपाने प्लग ज्या खोल नळीत बसतो त्या प्रत्येक नळीत हवा मारली. आत बसलेली माती, पाचोळ्याचा चुरा उडून बाहेर आला. तो तसाच राहिला असता तर प्लग निघाल्याबरोबर सिलिंडरमध्ये पडला असता.

१६ ची प्लग-गोटी लावली. पहिला सुटला, दुसरा सुटला. तिसऱ्याच्या गोटीसोबत काळं तेल वर आलं.

चारही प्लग वर्तमानपत्रावर ओळीने ठेवले. टोकं फिक्या तपकिरी रंगाची, बदामाच्या सालीसारखी. म्हणजे इंधन बरोबर जळतंय, इंजिन निरोगी. कोरडी काजळी असती तर मिश्रणात इंधन जास्त, पांढरी पडून फोड आले असते तर इंजिन तापतंय. गॅप पुस्तिकेप्रमाणे ०.८ ते ०.९ मिलिमीटर हवा. फिलर गेजची (ठरलेल्या जाडीची) पाती घातली तर पहिला १.१, दुसरा १.१५, तिसरा १.२, चौथा १.१.

तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर आणखी एक गोष्ट होती. वरून खाली आलेली केसाएवढी काळी रेघ, पेन्सिलीने ओढल्यासारखी. पुसून गेली नाही. ठिणगीला टोकाशी उडी मारणं जड झालं, तेव्हा तिने बाहेरच्या बाजूने, चिनीमातीवरून घसरत हेडपर्यंत जायची वाट काढली. त्या वाटेची ही खूण.

आता निर्णयाची जागा. कॉइल खराब की प्लग? मी तिसरी कॉइल पहिल्यावर लावली, पहिलीची तिसऱ्यावर. मिसिंग पहिल्यावर सरकलं तर दोष कॉइलचा. नवे प्लग घालून गाडी सुरू केली, कॉलनीत दोन फेऱ्या मारल्या, स्कॅनरवर शून्य मिसिंग. मी जाहीर केलं: कॉइल ठणठणीत.

तेल दिसलं होतं त्याबद्दल भाऊसाहेब म्हणाले, "टॅपेट कव्हरचं, इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, सील गळतंय. दिवाळीच्या सर्व्हिसिंगला बघू." मी फडक्याने नळी पुसली आणि हो म्हणालो.

बसवण्यात मात्र आम्ही चोख होतो. गॅप मोजून ०.८५ चे चारही. रबरी नळीच्या तुकड्यात प्लग धरून हाताने आटे लावले, म्हणजे तिरका लागला तर नळीच फिरते आणि आटे वाचतात. मग टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरावर आवळायचा पाना) २५ न्यूटन-मीटर. पाना नसेल तर हाताने घट्ट झाल्यावर नव्या प्लगला अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत, वायसर दबल्याचं हाताला कळतं. आट्यांना ग्रीस लावायचा भाऊसाहेबांचा आग्रह मोडून काढला. आटे अडकू नयेत म्हणून प्लगला मुलामा कारखान्यातच दिलेला असतो, आणि निसरड्या आट्यांवर तोच टॉर्क जास्त घट्ट आवळतो.

दुसरा झटका

डायरीतला आकडा २५ वर आला. सगळे खूश.

दसरा झाल्यावर ते सप्तशृंगीला निघाले. नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीच्या वर सोडत नाहीत, म्हणून मुद्दाम नंतर. नांदुरीहून गडाच्या चढणीवर गाडी भरलेली, गॅसवर, आणि तोच आचका. मीटरवर ६५,८०० च्या आसपास. या वेळी दिवा लुकलुकल्याबरोबर त्यांनी पाय सोडला, पेट्रोलवर टाकली, आणि गाडी हळूहळू वर नेली. परत आल्यावर कोड पी०३०१.

पी०३०१! म्हणजे मिसिंग तिसऱ्यावरून पहिल्यावर, कॉइलच्या मागोमाग गेलं होतं. माझी चाचणी बरोबर होती, तिचं उत्तर तीन महिने उशिरा आलं. कारण मी ती कॉलनीच्या सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, पेट्रोलवर केली होती. जो दोष चढणीवर ओझ्याखाली दिसतो तो तिथे दिसणारच कसा? कारखान्यात एखादा मोटर लोडशिवाय फिरवून "ओके" लिहून गेला असता तर मीच त्याला झापलं असतं.

कॉइल काढून तिच्या रबरी बूटच्या (कॉइलचा प्लगवर चढणारा भाग) आत टॉर्च मारली. तेलाने रबर फुगून मऊ पडलेलं, आणि आतल्या भिंतीवर तशीच काळी रेघ, जुन्या प्लगवरच्या रेघेची जोडी. पहिल्या सिलिंडरच्या नव्या प्लगवरही आता तिची नक्कल उमटलेली. कोळशाची अशी वाट एकदा पडली की पुढची ठिणगी तीच धरते. प्लगवर रेघ दिसली की बूट त्याच दिवशी बदलायचा, हे मला माहीत होतं. नव्या प्लगच्या आनंदात मी बूटच्या आत डोकावलोच नाही.

या वेळी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बूट बघितला आणि फक्त "हं" म्हणाले. टॅपेट कव्हरची गॅस्केट आणि नळ्यांची सीलं, चारही कॉइलचे बूट, पहिल्याचा एक प्लग, मजुरीसकट २,४०० रुपये. कॉइल जुन्याच राहिल्या. सगळ्याच कंपन्या बूट वेगळा विकत नाहीत, या गाडीचा मिळाला हे नशीब. मग मी आणि मिस्त्री गाडीत चार पोती सिमेंट टाकून, गॅसवर, कसाऱ्यापर्यंत उतरलो आणि घाट चढून आलो. मिसिंग शून्य. भाऊसाहेबांच्या गाडीत सिमेंट सांडलं, त्यावर वहिनींनी काय ते ऐकवलं.

वेळापत्रक कसं ठरवलं

यानंतर भाऊसाहेबांनी कारखान्याच्या पद्धतीने कागद केला. मला त्यांचा पहिला मसुदा पटला नाही. घाबरलेल्या माणसासारखं त्यांनी सगळंच "दर १०,०००" केलं होतं. प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, सगळं. हेही चूकच. प्रत्येक वेळी उघडझाप केली की आटे, क्लिपा, वायसर झिजतात, आणि नवा भाग चुकीचा बसायची शक्यता तेवढ्या वेळा येते.

म्हणून प्रत्येक भागाला विचारलं: तू कशाने झिजतोस? ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, गाडी उभी असली तरी, म्हणून त्याला किलोमीटर नाहीत, दोन वर्षं. इंजिन ऑइलला पुस्तिकेत १० हजार किंवा एक वर्ष. पण सात किलोमीटरच्या फेरीत ते नीट तापतच नाही, म्हणून साडेसात हजार. एअर फिल्टर डोळ्यांनी बघायचा, कंपनीच्या रस्त्याचं काम चालू असेल तर लवकर. सीएनजी सिलिंडरची हायड्रो चाचणी (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी, तिथे आपलं डोकं चालवायचं नाही, तो कायदा आहे. गॅसवर व्हॉल्व्हच्या बैठका जास्त झिजतात, म्हणून टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासणं पुस्तिकेच्या आकड्यालाच, पुढे ढकलायचा नाही.

प्लगचा आकडा मोजमापावरून काढला. ४० हजारांवर गॅप ०.९ ला ठोकला असं धरलं तर २२ हजारांत साधारण ०.२५ वाढला. हजाराला ०.०११ मिलिमीटर. ०.८५ वरून निघून १.१ च्या आत थांबायचं तर वीस-बावीस हजार मिळतात. मात्र तो झिजलेल्या धारेचा वेग, नव्या प्लगचा कमी असणार. म्हणून २५ हजार लिहिलं, पेन्सिलीने, आणि समोर: "१० हजारांवर एकदा काढून मोजणे. बूटच्या आत टॉर्च. नळी कोरडी?"

इथे एक मतभेद अजून शिल्लक आहे. भाऊसाहेब म्हणतात, मधे काढून बघायचं तर बदलूनच टाकावेत, सातशे रुपयांचा प्रश्न. मी म्हणतो, बघितल्याशिवाय २५ हजार बरोबर की १८ हे कळणार कसं?

पुन्हा करायचं झालं तर

घाटात पाय आधी सोडायचा आणि गॅस बंद करायचा, हे तर झालंच. जॉबकार्डावर "चेक" आणि "बदलले" या दोन शब्दांखाली पेनाने रेघ मारून मगच सही करायची. नळीत तेल दिसलं त्या रविवारीच सील घातलं असतं तर दुसरा खर्च निम्म्यावर आला असता, आणि गडाच्या चढणीवर म्हातारी माणसं गाडीत असताना ती वेळ आली नसती. याचा दोष भाऊसाहेबांवर टाकत नाही. त्यांनी "दिवाळीला" म्हटलं तेव्हा टॉर्च माझ्या हातात होती.

९,५०० चं पॅकेज घेतलं असतं तर? चारही कॉइल बुटांसकट नव्या आल्या असत्या, म्हणजे दुसरा झटका बहुतेक टळला असता. हे मला मान्य करावं लागतं. सील मात्र त्या यादीत नव्हतं, आणि नवे बूटही काही महिन्यांत त्याच तेलात भिजले असते.

निकाल

एप्रिलमध्ये, ७२ हजारांवर, ठरल्याप्रमाणे प्लग काढले. सिडकोत सकाळीच ऊन तापलेलं, म्हणून सहा वाजता. ०.९० ची पाती चारांतही जाते, ०.९५ ची अडते. रंग बदामी. बुटांच्या आत रेघ नाही, तिसरी नळी कोरडी ठणठणीत. तेच प्लग परत बसवले. वायसर एकदा दबलेला असतो, म्हणून हाताने घट्ट केल्यावर टॉर्क पाना जरासा फिरला की थांबायचं.

कन्व्हर्टरला काही झालंय का, ते पीयूसीच्या आकड्यांवर पुढची दोन वर्षं बघणार आहोत. सध्या आकडे मर्यादेत आहेत. गॅसचं अॅव्हरेज किलोला २५-२६ आहे, आणि आता डायरीत भाऊसाहेब तिसरा रकाना आखून भागाकारही तिथेच करतात. २५ हजारांपुढची पेन्सिल त्यांनी अजून पेनाने गिरवलेली नाही.